थोरलीचा बहर

त्या घरात थोरली म्हणजे सून नव्हे, लेक नव्हे, जाऊही नव्हे. थोरली म्हणजे अंगणापलीकडचं नासपतीचं झाड. घर नंतर बांधलं, ते तिच्याकडे तोंड करून. रोपवाटिकेत जेवढी कलमं तयार व्हायची, तेवढी सगळी तिच्या काडीची. सासरे गिऱ्हाइकाच्या हातात रोप ठेवताना म्हणायचे, "आमच्या थोरलीची लेक देतोय. नीट नांदवा." गिऱ्हाईक हसायचं, पण रोप दोन्ही हातांनी घ्यायचं.

सून लग्न होऊन आली, त्या दिवशी नवऱ्यानं तिला अंगणात उभं केलं आणि झाडाला म्हणाला, "ही धाकटी. सांभाळून घे." मग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "थोरलीपुढे आवाज चढवायचा नाही. बाबा जेवत नाहीत मग." ती हसली होती. उंच, शीळ घालत चालणारा माणूस होता तो. कलमाच्या चाकूनं नखं कापायचा आणि बापाची चाहूल लागली की चाकू खिशात टाकायचा.

कलम बांधायला तिला शिकवलं ते सासऱ्यांनीच. माहेरी तिनं कुंडीसुद्धा लावली नव्हती. कलमांच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या, कडेला मेणाचं भांडं मंद आचेवर. सासरे तिच्या बोटांवर बोटं ठेवून काडी फिरवायचे.

"हे बघ, काडीला डोळे असतात. डोळे वर बघतात. कापतानाच खालचं टोक तिरकं कापायचं, वरचं सरळ. नाहीतर एकदा हातातून पडली की डोकं कुठलं आणि पाय कुठले, कळायचं नाही."

"आणि उलटी लागली तर?"

"धरेल. तीच तर फसगत आहे. वर्ष-दीड वर्ष हिरवी राहील, बघणाऱ्याला वाटेल झालं काम. पण तिच्यातून रस धड वाहत नाही. जाड होत नाही, वाढत नाही. घरात रुसलेल्या पाहुण्यासारखी बसून राहते आणि एक दिवस जाते."

आणि या घराची एक रीत होती. ज्यानं कलमावर पट्टी बांधली त्यानंच ती सोडायची. गाठ कुठे ताणलीय आणि कुठे सैल ठेवलीय हे बांधणाऱ्याच्याच बोटांना ठाऊक, असं सासरे म्हणायचे. दुसऱ्याच्या पट्टीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. ही रीत एवढी अंगात मुरलेली की नणंदेच्या पायाला डॉक्टरांनी पट्टी बांधली, तेव्हा सोडायलाही तेच डॉक्टर हवेत म्हणून ती दवाखान्यात दिवसभर बसून राहिली. अजून नर्स दिसली की ती पाय झाकते.

तिचा हात बसला. पुढे सासऱ्यांचे हात थरथरू लागले, डोळ्यांवर जाळी आली, तेव्हा घरातली सगळी नाजूक कामं तिच्याकडे आली. नवरा म्हणायचा, "बाबांचे हात तुला लागलेत. मला नुसतं नाक लागलं."

*

वीज पडली ती वसंताच्या तोंडाशी, कलमांच्या दिवसांत. दुपार होती. नणंद फाटकापाशी रोपं विकायला बसली होती. टेबलाशी ती तिघं होती: सासरे, नवरा, ती. आभाळ बघता बघता निळं-काळं झालं आणि वारा असा सुटला की मेणाखालची ज्योत आडवी झाली.

सासरे खिडकीशी गेले. "शिडी थोरलीला टेकलेलीच राहिली. बघ कशी घासतेय. साल सोलून निघेल तिची."

"थांबेल वारा," नवरा म्हणाला.

"साल थांबणार आहे का तोवर?"

"बाबा, वर गडगडतंय."

"गडगडायचंच. जा. शिडी आडवी टाक आणि ये."

त्यानं चाकू पुसला, टेबलावर ठेवला आणि गेला. जाताना शीळ घालत होता. शीळ अंगणापर्यंत ऐकू आली.

मग सगळं पांढरं झालं. खिडकी, टेबल, सासऱ्यांचा चेहरा, तिचे स्वतःचे हात, सगळं. आवाज कानांनी ऐकला नाही, छातीनं ऐकला. खिडकीच्या काचेवर काहीतरी येऊन आदळलं. ती थोरलीची साल होती, कोटासारखी अंगावरून उतरवून भिरकावलेली.

तो शिडीपाशी पडला होता. एका पायात बूट होता. दुसरा पार कुंपणापाशी गेला होता. ती त्याच्या छातीवर कान लावून बसली. तिथे काही नव्हतं. करपलेला वास होता आणि त्यात थोरलीच्या रसाचा गोडसर वास मिसळलेला. सासरे धावत आले. एकदा मुलाकडे बघितलं. मग झाडाभोवती फिरले, बुंध्याला हात लावत लावत, आणि पलीकडच्या बाजूनं त्यांचा आवाज आला.

"या बाजूची साल आहे अजून."

नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून तिनं ते ऐकलं.

पण तेवढ्यानं ती वैरीण झाली नसती. माणूस हादरतो, काहीबाही बोलतो, हे तिलाही कळत होतं. वैर जन्मलं ते पुढच्या दिवसांत, माणसांनी भरलेल्या बैठकीच्या खोलीत, तिच्या हातात पाण्याचा पेला असताना. भेटायला आलेल्यांना सासरे सांगत होते, "वारा सुटला तसा आपणहून धावला. थोरलीवर फार जीव त्याचा." तिला वाटलं, दुःखात घसरली जीभ. दुसऱ्या दिवशी नव्या माणसांपुढे तेच. तिसऱ्यांदा गोष्टीला पाय फुटले. "मी म्हटलं, नको जाऊस. ऐकतो कुठला. हात झटकून गेला."

हात झटकून. तिनं पेला खाली ठेवला नाही. फेकलाही नाही. पाहुण्याच्या हातात दिला आणि आत गेली. कलमांच्या खोलीत टेबलावर त्यानं पुसून ठेवलेला चाकू तसाच होता. तो तिनं उचलला आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकला. शिडीबद्दल जे बोलणं झालं ते ऐकणारी तीन माणसं होती. एक गेला. एक खोटं बोलतोय. उरली ती. आणि सुनेचा शब्द सासऱ्याच्या शब्दापुढे कितीसा चालणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

माहेरचे न्यायला आले. भाऊ म्हणाला, "चल. इथे आता तुझं काय आहे?"

"कलमं अर्धी राहिलीत," ती म्हणाली.

किती गुणाची सून, सगळे म्हणाले. नणंद तिच्या गळ्यात पडून रडली. "वहिनी, तू आहेस म्हणून दादा अजून घरात आहे असं वाटतं." ती नणंदेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि नणंदेच्या खांद्यावरून थोरलीकडे बघत राहिली. नवरा गेला आणि थोरली उभी होती. कोट उतरवलेली, उघड्या हाडांची, पण उभी.

काम करताना तिला दोन ओळी सुचल्या. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती त्या म्हणायची, काडीमागून काडी कापताना:

*आभाळाच्या लेकी गं, तुझं-माझं नाही वैर,*
*घरातून ज्यानं धाडलं, त्याची नाही आता खैर.*

*

शेजारचा करवतवाला आला. झाडं पाडणं आणि फळ्या कापणं हा त्याचा धंदा, आणि तोंड त्याच्या करवतीपेक्षा धारदार. त्यानं थोरलीभोवती एक चक्कर मारली.

"काका, कापू या. दाढी केलेल्या बोकडासारखी दिसतेय."

"तुझी जीभ काप आधी," सासरे म्हणाले.

"जिभेच्या फळ्या होत नाहीत हो. बघा, तीन बाजूंनी साल गेलीय. अशी किती दिवस टिकणार?"

"एक बाजू आहे ना. तेवढ्यावर ती तग धरेल, तोवर आपण पूल बांधू."

पुलाचं कलम. जखमेच्या खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत काड्या जोडायच्या, एकीशेजारी एक, म्हणजे पानांनी वर केलेलं अन्न त्या काड्यांमधून मुळांपर्यंत उतरतं. कठीण काम. सासऱ्यांनी आयुष्यात मोजक्याच वेळा केलेलं. त्यांनी आपले हात पुढे धरले आणि त्या थरथरत्या बोटांकडे, दुसऱ्याच कुणाची असावीत तसं, बघितलं.

"पोरी, तुलाच करायला हवं."

ती काड्यांचं फडकं घडी करत होती. तिनं घडी पुरी केली.

"करते. पण पट्टीही मीच बांधीन."

"मग दुसरं कोण?"

"आणि मीच सोडीन. मी सांगेन तेव्हा."

"अगं, रीतच आहे आपली," सासरे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या सकाळी ऊन कोवळं होतं. तळघरातल्या वाळूत पुरून ठेवलेल्या काड्या तिनं बाहेर काढल्या. थोरलीच्याच काड्या, वीज पडायच्या आधी नवऱ्यानं कापलेल्या. सासरे झाडाच्या पलीकडे स्टुलावर बसले. थोरलीच्या अंगाला चाकू लागताना त्यांना बघवत नव्हतं. बुंध्यावर तळवा ठेवून ते तिच्याशी बोलत होते. "थोडं दुखेल हं. हात हलका आहे तिचा. माझ्याच हाताखाली तयार झालीय."

तिनं आधी मेलेली साल कडेनं साफ केली. मग चाकू फिरवत ती सासऱ्यांच्या बाजूला आली. तिथे ती उरलेली साल होती, दोन तळव्यांएवढी, जिवंत.

"इथली कड काळी पडलीय," ती म्हणाली. "काढावी लागेल."

"तुला दिसेल तसं कर. मला आता काय दिसतंय."

तिनं नवऱ्याच्या चाकूनं ती साल वरून कापली, खालून कापली आणि बोटांनी सोलून काढली. आतून ती ओली होती, बाळाच्या टाळूसारखी मऊ. बुंध्याभोवती आता सालीविना नागवं कडं होतं. वरच्या थोरलीचा खालच्या थोरलीशी काही संबंध उरला नव्हता.

मग काड्या. एकेक काडी घ्यायची, डोळे कुठे बघतात ते अंगठ्यानं चाचपायचं, आणि उलटी करायची. डोकं खाली, पाय वर. सालीत खाच, खाचेत काडी, वर बारीक खिळा, खिळ्यावर मेण. इतकं सुबक काम तिनं कधी केलं नव्हतं. एक काडी तसूभर हलली नाही, मेणाचा एक थेंब वाया गेला नाही. पूल बांधून झाला तेव्हा नव्या कुंपणासारखा दिसत होता. त्यावर चिकणमाती, मातीवर गोणपाट, गोणपाटावर सुतळी. शेवटची गाठ तिनं दातांनी ओढली.

"झालं?" पलीकडून सासऱ्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हलली नाही. मनात म्हणाली, आता कळेल. डोळ्यांदेखत असलेलं माणूस उभ्या उभ्या कसं जातं ते आता कळेल तुम्हाला.

*

मूळ उपाशी मारायला वेळ लागतो. तिनं तो दिला. ती सासऱ्यांच्या चहात साखर बरोबर घालायची, त्यांचा चष्मा पुसून ठेवायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. मधूनच पट्टीची एक कड सैल करून आत बघायची. काड्या हिरव्या होत्या, आणि तेवढ्याच बारीक होत्या. त्यांच्यावर फुटलेले कोंब ती बोटानं पुसून टाकायची आणि पट्टी परत बांधायची. सासरे लांबून विचारायचे, "कसं आहे?" ती म्हणायची, "धरलंय." खोटं नव्हतं ते.

त्या शरदात थोरलीची पानं लवकर लाल झाली, लवकर गळली. "दमलीय," सासरे म्हणाले.

आणि पुढच्या वसंतात थोरली फुलली.

अशी फुलली की रस्त्यावरून जाणाऱ्यांनी गाड्या थांबवल्या. फांदी दिसेना, नुसतं पांढरं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फूल, जिथे कधी कळी धरली नव्हती त्या काटकीवरही फूल. मधमाश्यांचा असा आवाज, की नणंद म्हणाली, "झाड आहे की लग्नाचं घर?" आजूबाजूचे बागवाले आले, टोप्या काढून उभे राहिले. विजेनं मारलेलं झाड असं उठलेलं कुणी बघितलं नव्हतं.

ती दारात उभी राहून बघत होती. तिला ठाऊक होतं हे कसलं फूल आहे. पानांनी केलेलं अन्न खाली उतरायला वाट नव्हती, म्हणून ते वरच साचलं होतं, आणि झाड ते सगळं एकदाच उधळत होतं. खाली मुळं रिकामी होत चालली होती. जाणार असलेलं झाड जाण्याआधी जेवढी म्हणून पिल्लं सोडता येतील तेवढी सोडतं. सासऱ्यांना हे कळायला हवं होतं. आळशी फांदीला फळ धरायला लावायचं तर ते स्वतःच तिच्याभोवती तार आवळायचे. पण त्या फांद्यांवरची तार उघडी दिसायची. इथे गोणपाट होतं, आणि गोणपाटावर त्यांच्या शिष्येची गाठ होती.

सासरे टवटवीत झाले. थोरलीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या मुलानं आपलं आयुष्य हिला दिलं हो. आपणहून धावला होता."

आपणहून. प्रत्येक वेळी तो शब्द आला की ती आत कुठेतरी सुतळी आवळायची.

फुलं गळली, फळं धरली. सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. झुबक्यांनी फांद्या वाकल्या. सासऱ्यांनी ठरवलं, सगळ्या बागवाल्यांना बोलवायचं आणि त्यांच्यादेखत पट्टी सोडायची. "तुझ्या हातचं काम बघू देत त्यांना. असा पूल कुणी बांधला नसेल."

"खरंच कुणी बांधला नसेल," ती म्हणाली.

हेच तर तिला हवं होतं. सगळ्यांदेखत. ज्यांच्यापुढे त्यांनी ती गोष्ट सांगितली, त्या सगळ्यांपुढे गोणपाट खाली पडेल, आणि म्हाताऱ्याचं तोंड ती नीट उभी राहून बघेल. पुढचं पुढे. घराबाहेर काढतील, काढू देत. तिची पिशवी भरलेली होती.

*

त्या दिवशी सकाळी नणंद खुर्च्या मांडत होती. "वहिनी, किती जण येतील? खुर्च्या कमी पडल्या तर करवतवाल्याला उभा ठेवू. बसला की उठत नाही तो."

सासरे काठी टेकत थोरलीपाशी आले. नवा सदरा घातला होता, एक बटण चुकलं होतं.

"लोक यायच्या आधी मला दाखव," ते म्हणाले. "मला दम निघत नाही."

तिनं क्षणभर विचार केला. मग वाटलं, बरंच आहे. पहिला घास आपला एकटीचा.

तिनं सुतळी सोडली. गोणपाट उतरवलं. वाळलेली माती खपल्यांनी पडली. पूल उघडा झाला, काड्यांची ती रांग, एकीला एक लागून.

सासरे गुडघ्यांवर बसले. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून अंगठ्यानं बघितलं. अंगठा एका काडीवरून वर गेला, थांबला. खाली आला. डोळा कुठे बघतोय ते चाचपलं. मग दुसरी काडी. मग तिसरी. ते एकेक काडी चाचपत झाडाभोवती गुडघ्यांवर सरकत गेले. जिवंत साल होती त्या बाजूला पोचले, तिथे तळवा टेकवला आणि तसेच राहिले.

ती वाट बघत होती. या तोंडाची तिनं एवढे दिवस वाट बघितली होती.

"सगळ्याच," ते म्हणाले.

"सगळ्याच."

"एकही सुटली नाही." आणि थोड्या वेळानं, "हात मात्र चांगला आहे. सगळ्या धरल्यात."

त्यांनी आरडाओरडा करावा, काठी उगारावी, असं तिला वाटत होतं. ते नुसते बुंध्याला कपाळ टेकून बसले होते. सदऱ्याचं चुकलेलं बटण गळ्याशी ताणलं होतं.

"वीज पडली तेव्हा ही मेली नाही," ते म्हणाले. "तू मारलीस."

"तो विजेनं मेला. धाडला तुम्ही."

त्यांनी मान वर केली नाही.

"शिडी घासतेय म्हणालात. तो म्हणाला, वर गडगडतंय. तुम्ही म्हणालात, गडगडायचंच, जा. मी तिथे उभी होते, बाबा. मग हात झटकून गेला असं कुणाकुणाला सांगितलंत? त्यानं कधी कुणाचा हात झटकला होता?"

"सांगितलं एकदा," सासरे म्हणाले. "पहिल्यांदा तोंडातून गेलं. मग तेच बरं वाटायला लागलं. तसं म्हटलं की झोप यायची." मग बुंध्याला टेकूनच म्हणाले, "धाडला मी. सालीला खरचटू नये म्हणून धाडला."

वारा नव्हता. वर झुबक्यांत एक माशी घोंघावत होती.

"हे तेव्हा बोलला असतात," ती म्हणाली, "तर यातली एक तरी काडी मी सुलटी लावली असती."

फाटक वाजलं. करवतवाला पुढे, मागे चार-सहा बागवाले, त्यांच्यामागे हात पुसत नणंद. "काका, आमच्याआधीच उघडलंत होय? पंगत बसायच्या आधीच जेवलात," करवतवाला म्हणत आला, आणि पूल बघून त्याचं बोलणं तुटलं. धंदा लाकडाचा असला तरी डोळे होते त्याला. "हे काय? या काड्या तर..."

सासरे काठीवर उठले. "वीज खोल गेली होती," ते लोकांना म्हणाले. "पूल नाही लागला. होतं असं."

ते तिला पाठीशी घालत होते. तिच्या अंगाचा जाळ झाला. एवढ्या दिवसांचं तिचं काम ते उचलून आभाळाला देऊन टाकत होते, आपलं पाप दिलं होतं तसंच.

"वीज नाही," ती म्हणाली. "मी लावल्या उलट्या. मुद्दाम. राहिलेली सालही मीच काढली. हे विजेच्या नावावर घालायचं नाही."

नणंदेच्या हातातलं फडकं पडलं. "वहिनी? दादाच्या झाडाला?"

"दादाचं झाड नव्हतं ते. बाबांना विचार."

सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागले. ते लेकीकडे बघून बोलले, बाकीच्यांकडे नाही.

"तो आपणहून गेला नव्हता गं. नको म्हणत होता. मी जा म्हणालो."

नणंद बापाकडे बघत राहिली. मग मांडलेल्या खुर्च्यांमधल्या एकीवर बसली आणि दुसरीकडे तोंड फिरवून बसून राहिली. बागवाले एकेक करून निघाले. जाताना कुणी टोपी काढली नाही. करवतवाला शेवटी गेला, आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेला.

तिला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. वाटलं नाही. राग होता तिथेच होता, फक्त त्याला आता लपायचं कारण नव्हतं.

सासरे काठी टाकून परत गुडघ्यांवर बसले होते.

"वाळूत यंदाच्या काड्या आहेत अजून," ते म्हणाले. "उशीर झालाय. पण थोडी ओल असेल मुळांत."

"मी करणार नाही."

"तुला सांगितलं नाही मी. चाकू दे म्हणतोय."

तिनं एप्रनच्या खिशातून चाकू काढला. तो कुणाचा, हे त्यांनी मुठीवरूनच ओळखलं. मूठ त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. मग तळघराकडे गेले, काड्यांचं फडकं घेऊन आले आणि पहिली खाच घालायला बसले. चाकू घसरला. पुन्हा घसरला. अंगठ्यावर रक्ताची रेघ उमटली, ती त्यांनी सदऱ्याला पुसली. ती हाताची घडी घालून बघत होती. तिच्या बोटांना ठाऊक होतं चाकू कुठे कलता धरायला हवा. तिनं बोटं काखेत दाबून धरली.

"फळं उतरवावी लागतील," वर न बघता ते म्हणाले. "सगळी. एवढी पिल्लं अंगावर असताना ती वाचायची नाही."

ज्या फळांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. ज्यांच्याखाली बसून ते 'आपणहून धावला' म्हणून सगळ्यांना सांगायचे.

"ती उतरवते मी," ती म्हणाली. "तेवढं आनंदानं करीन."

ती लांब काठी घेऊन आली आणि फांदीवर हाणली. हिरवी, कडक, लिंबाएवढी फळं गारांसारखी पडू लागली. एका फांदीनंतर दुसरी. पानंही पडत होती. ती मारत राहिली, खांदा भरून आला तरी मारत राहिली, आणि इतक्या दिवसांनी आलेलं रडू तिनं पुसलं नाही. खाली सासरे खाचेत काडी बसवत होते. डोळा कुठे बघतोय ते दर वेळी अंगठ्यानं चाचपत होते. एक फळ त्यांच्या पाठीवर पडलं, एक मानेवर. ते हलले नाहीत.

तिनं नेम धरला नव्हता. चुकवतही नव्हती.